दाद कुठं द्यायची?

बेळगावात गाण्याला बसणाऱ्या माणसाला पहिली दहा मिनिटं गाणं ऐकायला सवड नसते. त्याला राग ओळखायचा असतो. गायकानं षड्ज लावून जेमतेम दोन आलाप घेतले की शेजाऱ्याच्या कानाशी तोंड जातं. 'यमन?' 'छे हो, शुद्ध मध्यम लागला की. यमनकल्याण.' 'थांबा की जरा, बघू.' मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरतो, म्हणजे गप्प बसा. एकदा नाव ठरलं की मंडळी सैल होतात, मांडी बदलतात आणि समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायला लागतात. सम आली की माना एकदम पडतात आणि दाद उठते, तीही आमच्या गावाला साजेशी तीन भाषांत. एकीकडून 'वा बुवा', दुसरीकडून 'क्या बात है', आणि धारवाडहून आलेल्या पाहुण्यांच्या बाजूनं 'भाळ छलो'.

समेवर दाद देणं हे तसं बिनधोक काम. तबल्याचा ठेका तुम्हाला तिथपर्यंत आणून सोडतो. मान हलवली नाही तरच लोक वळून बघतील. अर्धी मात्रा आधीच 'वा' म्हणून टाकणारे काही उतावीळ असतात. त्यांनाही सम कुठं आहे हे ठाऊक असतंच, धीर तेवढा नसतो.

आता अशी मैफल मनात आणा जिला सम नाही. ठेका नाही, राग नाही, मुखडा म्हणून काही परत येत नाही, आणि कधी संपणार याचा अंदाज नाही. तरीही समोर बसलेली माणसं मधेच ओरडतात, टाळ्या पिटतात, शिट्ट्या मारतात. कशाला? कुठल्या जागेला? असल्या संगीताला फ्री जॅझ म्हणतात, आणि ते ऐकायला लागल्यापासून या प्रश्नानं माझा पिच्छा सोडलेला नाही. आता तर खोडच जडली आहे. जेवण झालं की हेडफोन लावायचे, प्रत्यक्ष कार्यक्रमातलं एखादं ध्वनिमुद्रण काढायचं आणि वाद्यांच्या पलीकडे बसलेली माणसं ऐकायची. घरच्यांनी याला नाव ठेवायचंही सोडून दिलंय.

जॅझलाही आधी सम होतीच, नाव वेगळं. बारा बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) ब्लूज किंवा बत्तीस बारचं गाणं, त्याचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, ठरलेले, आणि ते आवर्तन फिरून फिरून येत राहायचं. वादकानं त्यावर हवं ते बांधावं, पण आवर्तन कुठं पुरं होतंय हे ऐकणाऱ्याच्या पायाला कळत असे. १७ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट नावाच्या लहानशा क्लबात टेक्सासकडचा ऑर्नेट कोलमन आपली चौकडी घेऊन उभा राहिला आणि त्यानं ते कॉर्डांचं आवर्तनच काढून टाकलं. कॉर्ड धरून ठेवणारा पियानो मुळात घेतलेलाच नाही. हातात पांढरा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन. शेजारी डॉन चेरी, खेळण्यातला वाटावा एवढ्याशा ट्रम्पेटवर. बोलावणं दोन आठवड्यांचं होतं, ते कितीतरी लांबलं, कारण माणसं येत राहिली आणि भांडत राहिली. लेनर्ड बर्नस्टाइनसारखा बडा वाद्यवृंद-संचालक येऊन खूश होऊन गेला. उलट रॉय एल्ड्रिज, जुना जाणता ट्रम्पेटवाला, म्हणाला त्याचा मतलब असा, की मी याला नशेत ऐकलं, शुद्धीत ऐकलं, याच्याबरोबर वाजवूनही बघितलं. हा आपल्याला बनवतोय.

मला या एल्ड्रिजबद्दल फार आदर वाटतो. न आवडलेली गोष्ट इतक्या अवस्थांत ऐकायला कोण जातो? आमच्याकडं गायक पटला नाही तर माणूस मध्यंतरात बाहेर पडतो, टपरीवर चहा घेतो आणि चहा संपायच्या आत निकाल लावून टाकतो.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन एरिक डॉल्फी या दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्याला बरोबर घेऊन व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये वाजवत होता. हाही न्यूयॉर्कचाच क्लब, तळघरातला, शे-सव्वाशे माणसं कशीबशी मावतील असा. त्या रात्रींच्या मुद्रणांत 'इंडिया' नावाची एक रचना आहे. रविशंकरांच्या संगीतानं कोल्ट्रेन तेव्हा भारलेला होता. पुढं मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं. पण मी परत परत लावतो ती त्याच दिवसांतली सोळा मिनिटांची 'चेसिन द ट्रेन'. ब्लूजचा सांगाडा खाली आहे, पण त्याच्यावर हा माणूस श्वास सोडायला तयार नाही. त्याच महिन्यात 'डाउनबीट' मासिकात एका समीक्षकानं या दोघांच्या वादनाला जॅझविरोधी ठरवलं. पुढल्या वर्षी तबकडी निघाली तेव्हा त्याच मासिकानं दोघा जणांकडून तिची दोन परीक्षणं लिहून घेतली आणि दोन्ही छापली. संपादक बेळगावचा असता तर तिसरं कन्नडमध्ये छापावं लागलं असतं.

हे सगळं वाचताना आपण कुठंतरी हे आधी पाहिलंय असं मला वाटत राहतं. लांब जायला नको. इथून जवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला एक मुलगा लहान वयातच मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब गाऊन दाखवायचा. पुढं क्षयानं त्याला कित्येक वर्षं गप्प केलं. देवासला तो माळव्यातल्या बायकांची लोकगीतं कान देऊन ऐकत पडून राहिला, आणि उठला तेव्हा कुणाचीच नक्कल न करणारं गाणं घेऊन उठला. लहान, तुटक वाटणाऱ्या आलापी, मधेच सोडलेल्या रिकाम्या जागा, धुनांतून काढलेले नवे राग. परंपरेच्या बाजूनं नाकं मुरडली गेलीच. हे काय घराण्याचं गाणं झालं? आता शहरात त्याच्याच, कुमार गंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर आहे, त्यात आम्ही निवांत बसतो आणि एखाद्या नवशिक्यानं रागाबाहेर पाऊल टाकलं की भुवया उंचावतो. माणसाचं नाव इमारतीला दिलं की त्याच्या खोड्या विसरायला सोपं जातं.

तरीही दोन्हींत एक फरक आहे आणि तो मला बारीक वाटत नाही. कुमारांनी राग मोडले नाहीत, ते नव्यानं उभे केले. शंका घेणाऱ्यालाही धरायला काहीतरी होतं. कोलमननं ऐकणाऱ्याच्या हातातला दोराच काढून घेतला. त्यानंतर जो श्रोता खुर्चीत टिकला, तो कशाच्या जोरावर टिकला?

सेसिल टेलर या पियानोवाल्याचं यावर एक मत होतं. त्याचं म्हणणं, मी कार्यक्रमासाठी तयारी करून येतो, तर श्रोत्यांनीही ती करून यावं. टेलर पियानो दोन्ही हातांच्या तळव्यांनी, मुठींनी, कोपरांनी वाजवायचा आणि तास-तासभर थांबायचा नाही, तेव्हा तयारी लागत असणार यात शंका नाही. केन बर्न्सच्या २००१ च्या जॅझवरच्या माहितीपट-मालिकेत सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस या म्हणण्यावर उखडलाच. शिवी हासडून तो म्हणतो, मला बेसबॉल आवडतो, पण म्हणून सामना बघायला निघण्याआधी मी शंभर चेंडू अडवायचा सराव करत नाही.

हसून झाल्यावर मी टेलरच्या बाजूला सरकतो. कारण आमच्याकडं माणूस ते शंभर चेंडू खरंच अडवतो, फक्त त्याला सराव म्हणत नाही. तो तिसरीत असताना आजोबांच्या मांडीवर झोपतो आणि गाणं संपल्यावर उठतो. पुढं धारवाड आकाशवाणी लावून गणितं सोडवतो. मग पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा तिथं रात्र जागायचा आणि सकाळी परतीच्या एसटीत तोंड उघडं टाकून झोपायचा. असा तीस वर्षांत कानसेन तयार होतो. मार्सालिसचं एवढंच बरोबर, की तयारी करून या असं गाणाऱ्यानं सांगू नये. ते श्रोत्यांनी आपापसांत, एकमेकांना न दाखवता करायचं काम आहे.

गाणाऱ्यानं श्रोत्याला काय सांगावं, याचा दुसरा टोकाचा नमुना चार्ल्स मिंगस या बासवाल्याचा. ऑक्टोबर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत त्यानं चौघांची तबकडी मुद्रित केली; डॉल्फी तिथंही आहे. स्टुडिओत श्रोता एकही नाही. तरी हा बासवाला माइकजवळ येऊन सांगतो, की इथं टाळ्या वाजवायच्या नाहीत, ग्लासातला बर्फ खुळखुळवायचा नाही, गल्ल्याची घंटी वाजवायची नाही. रिकाम्या खोलीला दम भरतोय. क्लबांतल्या गिऱ्हाइकांनी त्याला किती छळलं असेल ते त्यावरून कळतं. आमच्याकडं हाच दम भरायचा झाला तर बर्फाच्या जागी चकलीची पुडी येईल आणि घंटीच्या जागी भाच्याचा व्हिडिओ कॉल.

पण मुद्रण ते मुद्रणच. समोरासमोर काय होतं हे बघायचं म्हणून एकदा गोव्याला गेलो. सोबत अण्णा. अण्णा आमच्या वडगावच्या भजनी मंडळात तबला वाजवतात. हातमागाच्या घरातला माणूस, मागाच्या खटखटीवर ठेका शिकलो असं सांगतात, ते खरं असावं. सॅक्सोफोन त्यांना माहीत होता, दोन प्रकारचा. एक वरातीतल्या बँडवाल्यांचा, आणि दुसरा कद्री गोपालनाथांचा. 'ते आपल्या राज्याचे, लंडनात वाजवून आलेत,' हे त्यांनी चोर्ला घाटाच्या वळणांवर मला दोनदा सांगितलं. १९९४ च्या बीबीसी प्रॉम्समध्ये गोपालनाथ वाजवून आले होते, तेव्हा मी मान डोलावली.

पणजीत एका जुन्या घराच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या. तिघे वादक, टेनर सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम्स. काहीही ठरवून आणलेलं नव्हतं. सुरुवात कुणी करायची हेसुद्धा नाही. अण्णांनी सवयीनं मांडीवर बोटं धरली. थोडा वेळ दादरा लावून पाहिला, मग रूपक, मग झपताल. पुढं ड्रमवाल्यानं सारंगीसारखा गज काढला आणि तो झांजेच्या कडेवरून ओढला. झांजेतून बाईनं दूरवर हाक मारावी तसा सूर निघाला. अण्णांनी मांडीवरची बोटं मिटली.

सॅक्सोफोनवाला एकच स्वर धरून बसला होता. मिनिटं गेली. स्वर तुटेना.

'दम कुठं घेऊलालाय गा ह्यो?' अण्णा कानात.

मी हळूच सांगितलं. गालात हवा साठवायची, ती गालांनी बाहेर ढकलत असतानाच नाकानं नवी आत ओढायची. आपले पुंगीवाले हेच करतात, म्हणून पुंगी मधे थांबत नाही. तेवढ्यात त्या एका स्वराचे दोन झाले, मग तीन, एकाच नळीतून. बोटांची वेगळीच मांडणी आणि ओठांचा दाब नेमका पडला की नळी एका वेळी अनेक स्वर सोडते. ते गोड नसतात, खरखरीत असतात, एकमेकांना घासतात. दिवाणखान्यातल्या एक-दोघांनी डोळे मिटले, ते आनंदानं की त्रासानं हे सांगणं कठीण होतं. एक बाई उठून गेल्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. उठून जाणं हाही या संगीताला दिलेला एक सरळ जबाब आहे, आणि तो देणारा माणूस शेवटी टाळ्या वाजवून घड्याळ बघणाऱ्यापेक्षा मला प्रामाणिक वाटतो.

मग ते झालं. तिघांचं तीन दिशांना चाललं होतं. बास खाली गुरगुरत होता, ड्रम भरधाव, सॅक्सोफोन वर कुठंतरी. कुणी कुणाकडं पाहिलं नाही, मान हलवली नाही, पाय आपटला नाही, आणि तिघेही एका क्षणी थांबले. चाकूनं कापल्यासारखे. त्या शांततेत माझ्या शेजारून आवाज आला, 'हाऽऽय!'

सगळे वळले. अण्णांनाही आपण ओरडलो हे एवढ्यात कळलं असावं, कारण ते एकदम ताठ झाले. ड्रमवाल्यानं मात्र त्यांच्याकडं बघून दात दाखवले, काठीनं ड्रमच्या कडेवर एकच टण् केलं, जणू त्या 'हाय'ला होकार, आणि तिथूनच पुढचं सुरू झालं. ते 'हाय' त्या रात्रीच्या वादनात कायमचं शिरलं. बाकी कुणी टाळी वाजवली नाही. टाळी घालायला तिथं फटच नव्हती.

संपल्यावर लोक वादकांभोवती गोळा झाले. मनात बसलेले शब्द कुणापाशीच नव्हते. 'इंटेन्स' हा शब्द बराच ऐकू आला. अण्णा सरळ ड्रमवाल्यापाशी गेले, ड्रमच्या पानावर टिचकी मारली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, 'विचार, चामडं हाय का प्लॅस्टिक?' प्लॅस्टिक होतं. अण्णांनी 'तरीच' म्हटलं. तरीच काय, ते मी विचारलं नाही. ड्रमवाल्यानं त्यांच्या तळव्यावरचे घट्टे बघितले आणि आपले दाखवले. त्यांचं तेवढ्यात भागलं.

परतताना घाटाच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा मी छेडलं. 'अण्णा, तुम्ही हाय कशाला म्हटलात?'

'समेला.'

'सम कुठं होती तिथं?'

'तिघांस्नी एकदम आली न्हवं? मग ती सम न्हाई तर काय म्हणायचं?'

मी वाद घातला. सम आधी ठाऊक असावी लागते, आवर्तन मोजलेलं असतं, म्हणून तर गवयी तिच्यापासून लांब लांब जाऊन परत येतो आणि आपला जीव वरखाली होतो. इथं आधी काहीच नव्हतं, मग आली कुठून? अण्णा म्हणाले, 'तू मोजत बसलास, म्हणून तुला न्हाई गावली.' हे मला पुरतं पटलेलं नाही. आपल्याकडं कुतूहल असतं ते गवयी समेवर कसा येतो याचं. येणार हे नक्की. तिथं तिघे एकत्र येणार की नाही हेच नक्की नसतं, आणि बहुतेक वेळा ते येतही नाहीत. खरं सांगायचं तर फ्री जॅझच्या कित्येक कार्यक्रमांत तासभर कुणीच कुणाला भेटत नाही, आणि श्रोते सभ्यपणानं वाट बघून घरी जातात. भक्त मंडळी हे कबूल करत नाहीत. पण म्हणूनच तो एखादा क्षण आला की ओरडणं आवरत नाही. ती दाद कौशल्याला असतेच, पण थोडी नशिबालाही असते, आणि आपण त्या वेळी खोलीत होतो यालाही.

गावात परतल्यावर मी आणखी एक प्रयोग केला. टिळकवाडीतले आमचे काका, निवृत्त मास्तर, जयपूर घराण्याचे कट्टर. त्यांना कोल्ट्रेनचं जपानमधलं मुद्रण ऐकवलं. जुलै १९६६, टोकियो. त्या दौऱ्यात तो नागासाकीला जाऊन अणुबॉम्बच्या स्मारकापाशी प्रार्थना करून आला होता. वर्षभरात तो गेला, अवघ्या चाळीस वर्षांचा असताना. 'माय फेव्हरिट थिंग्ज' हे साधं सोपं गाणं तिथं सत्तावन्न मिनिटं चालतं. सुरुवातीलाच जिमी गॅरिसन नुसत्या बासवर एकटा पंधराएक मिनिटं बोलतो. मग सॅक्सोफोन येतात, कोल्ट्रेनचा आणि फॅरो सँडर्सचा, आणि घरातली भांडी हलायला लागतात. जपानी श्रोते मधे आवाज करत नाहीत. एवढा गदारोळ निमूट ऐकून घेणारं ते सभागृह मला नेहमी चकित करतं.

काकांनी आरामखुर्चीत डोळे मिटून बासचा भाग ऐकला. मधेच एकदा 'खर्ज बरा आहे' म्हणाले. सॅक्सोफोन शिरल्यावर ते खुर्चीत पुढं सरकले, कपाळाला आठी. पाऊण तास होत आला तेव्हा त्यांनी हात वर केला. मी बंद केलं.

'सूर आहे रे,' काका म्हणाले, 'पण दया नाही.'

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या, हाताला कणीक. 'बंद का केलंत हो?'

'तुला त्रास होत असेल म्हणून.'

'मला कसला त्रास? इतका वेळ झगडत होता बिचारा, आत्ता कुठं जागेवर येत होता. लाव की रे परत.'

'मग पहिल्यापासून लाव,' काका म्हणाले. 'तो खर्जवाला मला धड ऐकायचाय. आणि तू ती कणीक आधी मळून घे.'

'तुम्हीच घ्या मळून,' असं म्हणून काकू पलंगावर बसल्या.